हृदयाचा एक मिलिव्होल्ट

गिरगावातून चालत लॅमिंग्टन रोडला गेलो, सुटे भाग आणले आणि घरी ईसीजीचं सर्किट जोडलं. स्क्रीनवर ठोके दिसेनात, नुसती थरथर!

कारण छातीवर मिळणारा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्टचा. त्यावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण चढते. ती गाळता येते. खरी भीती उलटी आहे: यंत्रातून माणसाच्या अंगात शिरणारा करंट. थेट हृदयाशी जोडायच्या उपकरणाला नेहमीच्या स्थितीत फक्त १० मायक्रोअँपिअर गळतीची मुभा असते, म्हणजे एका अँपिअरचा एक लाखावा भाग! म्हणून रुग्णाकडचा भाग घरच्या विजेपासून पूर्ण वेगळा ठेवतात.

माझ्या सर्किटमध्ये ते नव्हतं. प्लग काढला, बॅटरी लावली. परळच्या केईएममध्ये बेडशेजारी असतो तो मॉनिटर महाग का, तेव्हा कळलं. अंगाला लावायचं सर्किट चार्जरवर चालवू नका, बरं का!