कथात्म वाङ्मयातील वर्णन : प्रमाण आणि प्रयोजन

कथा-कादंबरीच्या वाचकाविषयी एक तक्रार लेखकवर्गात नेहमी ऐकू येते : वाचक वर्णने गाळून पुढे जातो. नदी, डोंगर, जुना वाडा, पावसाळी संध्याकाळ असे काही येऊ लागले की त्याची नजर पुढच्या संवादाची अवतरणचिन्हे शोधू लागते. उलट बाजूने वाचकाचीही एक तक्रार असते : अमुक कादंबरीतील माणसे बोलतात, भांडतात, मरतात, पण ती कोठे राहतात हे काही केल्या कळत नाही. ह्या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच वाचकाच्या असतात, आणि परस्परविरोधी भासल्या तरी दोन्ही खऱ्या असू शकतात. तेव्हा वाचकाला वर्णन किती हवे, ह्या प्रश्नाचे उत्तर पृष्ठसंख्येत देता येणार नाही हे उघड आहे. तथापि तसे उत्तर नाही म्हणून प्रश्नच सोडून देणेही योग्य नव्हे. संक्षिप्त आवृत्ती काढताना, पाठ्यपुस्तकासाठी उतारा निवडताना आणि विशेषतः एका भारतीय भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करताना कात्री प्रथम चालते ती वर्णनावरच. ती कोठे चालवावी आणि कोठे आवरावी, ह्याचा काही विवेक असल्यावाचून भागत नाही.

मराठीच्या बाबतीत ह्या प्रश्नाला एक गमतीदार पार्श्वभूमी आहे. ज्या वाङ्मयप्रकारातील वर्णने वाचकाला जड वाटतात, त्या प्रकाराला मराठीने नाव दिले ते संस्कृतातील सर्वांत वर्णनसमृद्ध गद्यग्रंथाचे. सातव्या शतकात बाणभट्टाने रचावयास घेतलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने पूर्ण केलेली ‘कादंबरी’ ही एका नायिकेची कथा. मराठीत आणि कन्नडात मात्र ते विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. आरंभीच्या मराठी लेखकांपुढे त्यामुळे दोन वाटा होत्या. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांच्या दुःस्थितीचे कथन हा मुख्य हेतू, आणि वर्णन त्या हेतूच्या सेवेपुरते. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्यांत अद्भुतरम्यतेचा सोस असून अलंकृत वर्णनाला मोठा वाव आहे. पुढे वास्तववादाचा पक्ष प्रबळ झाला, तेव्हा अलंकृत वर्णन हे बाणाचे ओझे म्हणून टाकून देण्याची प्रवृत्ती वाढली. हे ओझे खरोखर बाणाचेच होते काय, हे पाहण्यासारखे आहे.

प्राचीन साहित्यशास्त्राने वर्णनांची सक्ती केली, असा एक समज आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त महाकाव्याचे लक्षण सांगताना नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय इत्यादी वर्ण्य विषयांची यादी दिली, ही गोष्ट खरी; आणि अनेक कवींनी ती यादी हिशेबाच्या वहीसारखी पूर्ण केली, हेही खरे. परंतु त्याच दंडीने लगोलग असेही म्हटले आहे की, ह्यांपैकी काही अंगे उणी असली तरी काव्य दूषित होत नाही. जी घेतली आहेत त्यांची संपन्नता जाणकारांना तृप्त करीत असली म्हणजे झाले. यादी पाठ करणाऱ्यांना ह्या सवलतीचा विसर पडला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त तर रसभंगाच्या कारणांमध्ये स्पष्टच नोंदविले की, प्रस्तुताशी कसाबसा संबंध असलेल्या अन्य वस्तूचे विस्ताराने वर्णन करणे हा दोष होय. त्याचा दृष्टान्तही मार्मिक आहे : विरही नायकाची अवस्था सांगावयास निघालेला कवी यमकाच्या आवडीपायी पर्वताच्याच वर्णनात रमून जातो. मम्मटाने पुढे अंगाच्या अतिविस्ताराला रसदोषांत स्थान दिले. म्हणजे आजच्या वाचकाचा कंटाळा हा आधुनिक उतावळेपणाचा परिणाम आहे असे मानण्याचे कारण नाही. अकराशे वर्षांपूर्वीच्या रसिकालाही तो येत होता, आणि त्याची कारणमीमांसाही झालेली होती.

ह्या मीमांसेतला महत्त्वाचा भाग असा की दोष लांबीचा मानलेला नाही. प्रस्तुताला सोडून जाण्याचा मानला आहे. ह्या कसोटीला स्वतः बाण कसा उतरतो? ‘कादंबरी’च्या पूर्वभागात विंध्याटवीतील एका प्रचंड शाल्मली वृक्षाचे वर्णन येते. त्याचे वय, त्याचा विस्तार, ढोलीढोलींतून वसलेली पोपटांची कुळे, असे ते पसरत जाते. घाईचा वाचक येथे पाने उलटील. परंतु त्या विस्तारात एक गोष्ट सांगितलेली असते : वृक्षावर चढणे फार कठीण, म्हणूनच पोपट तेथे निर्भयपणे राहत. थोड्याच वेळात शबरांची सेना शिकारीला येते, ती निघून गेल्यावर मागे राहिलेला एक वृद्ध शबर त्याच वृक्षावर चढतो आणि पिलांना एकेक करून मारून खाली टाकतो. चढता न येणारे झाड आधी डोळ्यांपुढे उभे राहिले नसते, तर त्या म्हाताऱ्याचे सहज चढून जाणे भयंकर वाटले नसते. शिवाय हे वर्णन करणारा कोण? त्याच ढोलीत जन्मलेला, पित्याच्या पंखाखाली दडल्यामुळे वाचलेला, पित्याच्या शवाबरोबर वाळल्या पानांच्या राशीवर पडलेला शुक वैशंपायन. ज्याचे घर गेले तोच घर सांगत आहे, आणि असे सांगणाऱ्याला थोडक्यात आटप असे कोणी म्हणत नाही. बाणाची सर्वच वर्णने ह्या योग्यतेची आहेत असे नव्हे. परंतु त्याच्या अनुकर्त्यांनी उचलली ती वाक्यांची लांबी, आणि मागे ठेवले ते हे झाड.

येथे वर्णनाच्या दोन अटी हाती लागतात. वर्णिलेली वस्तू पुढील घटनेत गुंतलेली असावी, ही पहिली. आणि ते वर्णन कथेत ज्याचे काही पणाला लागले आहे अशा कोणाच्या तरी नजरेतून यावे, ही दुसरी. आधुनिक भारतीय कथनाने दुसऱ्या अटीचा विशेष विकास केला. हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ ह्या कादंबरीचे निवेदन यमूकडे आहे. त्यामुळे पुण्यातील सासरचे घर हे वास्तुवर्णन म्हणून येत नाही. कोठे उभे राहावे, कोणासमोर बोलू नये, कोणाचा आवाज आला की दचकावे, ह्या रूपाने ते येते. मुंबईच्या बिऱ्हाडात मोकळा श्वास मिळतो तो वाचकालाही मिळतो, आणि वैधव्यानंतर यमू पुन्हा जुन्या माणसांच्या हाती सापडते तेव्हा काय होणार हे त्या घराच्या ओळखीनेच त्याला कळलेले असते.

पहिल्या अटीचे काटकसरीचे उदाहरण म्हणून प्रेमचंदांची ‘पूस की रात’ (१९३०) ही कथा पाहावी. कांबळ्यासाठी साठविलेले तीन रुपये हल्कूला सावकारीत द्यावे लागतात, आणि पौषाच्या रात्री शेत राखावयास त्याला तसेच जावे लागते. थंडी किती होती हे सांगणारी विशेषणे येथे फारशी कामाला येत नाहीत. हल्कू आपल्या जबरा नावाच्या कुत्र्याला कुशीत घेतो, आमराईतील पाने गोळा करून शेकोटी करतो, आणि नीलगाई शेत फस्त करीत असताना उठत नाही. त्या न उठण्यातच सारी थंडी सांगून होते. लेसिंगने १७६६ मध्ये ‘लाओकून’ ह्या प्रबंधात होमरविषयी असेच निरीक्षण केले होते : अकिलीझची ढाल होमर तयार वस्तू म्हणून वर्णीत नाही, ती घडविली जात असताना दाखवितो, आणि हेलनचे रूप अवयवशः न सांगता तिला पाहून वृद्धांवर झालेला परिणाम तेवढा सांगतो. भाषा ही काळात चालणारी असल्यामुळे तिला स्थिर वस्तूपेक्षा क्रिया अधिक मानवते, हे त्याचे तात्पर्य.

परंतु ह्यावरून थोडके तेच उत्तम असा नियम काढणे चुकीचे होईल. विभूतिभूषण बंद्योपाध्याय ह्यांची ‘आरण्यक’ (१९३९) ही बंगाली कादंबरी जवळजवळ वर्णनांचीच बनलेली आहे. बिहारमधील अरण्यप्रदेशात सत्यचरण हा सुशिक्षित तरुण व्यवस्थापक म्हणून जातो. त्याची नेमणूकच मुळी त्या जमिनी रयतेला लावून देण्यासाठी झालेली असते. तो रानाच्या प्रेमात पडतो, आणि ज्या हाताने रानाची नोंद करतो त्याच हाताने त्याचे तुकडे वाटीत जातो. सरस्वती कुंडीच्या काठी युगलप्रसाद नावाचा एक विक्षिप्त माणूस कसल्याही लाभाशिवाय दूरदूरची रानफुले आणून लावतो. ते काठही कुऱ्हाडीपासून किती काळ वाचणार, ही चिंता फुलांच्या प्रत्येक उल्लेखामागे उभी असते. ह्या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ती वर्णने गाळून काढली, तर घटना सगळ्या शाबूत राहतील आणि अपराध तेवढा नाहीसा होईल. काय नष्ट झाले हेच वाचकाला माहीत नसल्यावर निवेदकाची व्यथा त्याला भावविवशता वाटेल.

अनुवादाच्या क्षेत्रात हा प्रश्न आणखी एका अंगाने भेडसावतो. किती वर्णन पुरे, हे लेखक आणि वाचक ह्यांच्यात आधीच काय समाईक आहे ह्यावर अवलंबून असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची (१९५५) भाषा मितव्ययी म्हणून वाखाणली जाते, पण ‘वाडी’, ‘धनगर’, ‘घोंगडे’ हे शब्द मराठी वाचकाच्या मनात आपले चित्र घेऊनच येतात, म्हणून तो मितव्यय परवडतो. ह्या कादंबरीचा राम देशमुखकृत इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. मुळात शीर्षकाच्या जागी केवळ एक स्थलनाम होते. अनुवादात तेथे गावाला भिंती नसल्याचे सांगणारे वाक्य आले. नाव जेथे मुके होते तेथे वर्णनाला बोलावे लागले, ह्याचे ह्याहून नेमके उदाहरण क्वचित सापडेल.

ह्या अडचणीत अनुवादकाकडून दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, परक्या वाचकाला रुचणार नाही म्हणून वर्णन छाटणे. दुसरी, त्याला कळावे म्हणून प्रत्येक शब्दापाठोपाठ व्याख्या जोडणे. घोंगडे म्हणजे मेंढीच्या लोकरीचे जाडेभरडे पांघरूण, असे वाक्यात घातले की धनगर बोलता बोलता थांबतो आणि संग्रहालयाचा मार्गदर्शक बोलू लागतो. त्यापेक्षा मुळातच घोंगड्याची खोळ करून कोणी पावसातून येत असेल, तर ती कृती निष्ठेने उतरविणे पुरते. पाऊस आणि खोळ मिळून शब्दाचा अर्थ सांगतात.

परक्या वाचकाला नेमके काय कमी पडते, ह्याविषयीही गैरसमज आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै ह्यांची मलयाळम कादंबरी ‘चेम्मीन’ (१९५६) विदर्भातील वाचकाच्या हाती पडली, तर समुद्र न पाहिलेल्या त्या वाचकाला समुद्राचे रंगरूप आधी सांगितले पाहिजे, असे वाटणे साहजिक आहे. वस्तुतः त्याला हवे असते ते निराळेच. किनाऱ्यावरच्या स्त्रीच्या शीलावर समुद्रात गेलेल्या पुरुषाचे प्राण अवलंबून असतात, ही त्या कोळ्यांची श्रद्धा त्याला उमगली म्हणजे समुद्र न पाहताही तो त्याला भिऊ लागतो. रंगरूप कल्पनेने भरून काढता येते. माणसांचा त्या वस्तूशी असलेला संबंध मात्र लेखकाकडूनच मिळावा लागतो. फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मैला आँचल’मध्ये (१९५४) मेरीगंज हे गाव डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक उभे राहते, ढोलक आणि गाणी ह्यांतून, उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचे दैन्य वऱ्हाडी बोलीच्या वाक्यावाक्यांतून जाणवते. येथे वर्णनाची स्वतंत्र पाने कमी असतील. वर्णन कमी आहे असे म्हणता येणार नाही.

छायाचित्र, चलच्चित्र आणि आता हातातील दूरध्वनीचा पडदा ह्यांनी जगातील प्रत्येक स्थळ दृष्टीच्या टप्प्यात आणल्यामुळे शब्दांनी वर्णन करण्याचे प्रयोजन उरले नाही, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. पाहिले नाही ते दाखविणे एवढेच वर्णनाचे काम असते, तर तो मान्य करावा लागला असता. परंतु छायाचित्रात शाल्मली वृक्ष एकदम दिसेल. तो चढण्यास अवघड होता म्हणून पिले निर्धास्त होती, हे त्यात दिसणार नाही. वस्तूंतून काय निवडावे, कोणत्या क्रमाने सांगावे आणि त्यांना कोणाच्या भयाचा वा मायेचा रंग चढवावा, हे काम शब्दांकडेच राहते.

म्हणून संपादकाने, अनुवादकाने आणि लेखकानेही एक साधी परीक्षा करून पाहावी. वर्णनाचा परिच्छेद झाकावा आणि पुढची घटना वाचावी. ती पूर्वीइतकीच लागत असेल, तर परिच्छेद कितीही सुंदर असला तरी वाचकाने तो गाळल्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. ती फिकी पडत असेल, तर परिच्छेद कितीही लांब असला तरी तो ठेवला पाहिजे. आणि अनुवाद करताना ही परीक्षा मूळ भाषेच्या वाचकापुरती न घेता नव्या वाचकाच्या जागी बसून पुन्हा एकदा घ्यावी. कारण बनगरवाडीला भिंती नाहीत हे मराठी वाचकाला कोणी सांगावे लागले नव्हते.