विश्लेषण : अमेरिकेत कॉलेजच्या गावाला स्वतःचा ‘स्पोर्ट्स पब’, नगरच्या पोरांचा सामना मात्र टपरीवरच का?

भारताचा सामना असला की नगर-मनमाड रस्त्यावर नागापुरात संध्याकाळी दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक म्हणजे परमिट रूम. तिथे भिंतीवर मोठा टीव्ही असतो आणि समोर एमआयडीसीतून पाळी संपवून आलेली माणसे. दुसरी जागा चहाची टपरी. तिथे बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि त्याच्या सहा इंची पडद्याभोवती दहा-बारा विद्यार्थी. चार्जर टपरीवाल्याचा, डेटा आळीपाळीने पोरांचा. नागापूर, बोल्हेगाव, सावेडी या भागांत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांची वस्ती असलेल्या गावात अशा वेळी सगळे जण जिथे जातात, त्या जागेला कॉलेजचा स्पोर्ट्स पब म्हणतात. आपल्याकडे तो का रुजला नाही? दारूबंदीचा कायदा हे सोपे उत्तर झाले. पण ते निम्मेच खरे आहे.

कॉलेजचा पब म्हणजे नेमके काय?

मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार १ लाख २३ हजार ८५१. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानाची आसनक्षमता १ लाख ७ हजार ६०१. म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ दुसरे शहरच तिथे येऊन बसते. हा फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळण्याचा, अमेरिकी पद्धतीचा. हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, सामने मुख्यतः शनिवारी, आणि त्यातले सहा-सात घरच्या मैदानावर. तारखा कित्येक महिने आधी जाहीर होतात. वीस वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेला माणूस त्या तारखा पाहून विमानाचे तिकीट काढतो.

एवढ्या लोकांना सामन्याआधी आणि नंतर बसायला जागा लागते. पब तिथून जन्माला येतो. साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन गावी ‘एसो क्लब’ नावाचा असा अड्डा प्रसिद्ध आहे. मुळात तो पेट्रोल पंप; नावातली ‘एसो’ ही तेल कंपनीच. मैदान जवळ, म्हणून लोक तिथे रेंगाळू लागले आणि पंपाचा पब झाला. अशा ठिकाणी कॉलेजचा रंग, जुन्या संघांचे फोटो आणि वर्षानुवर्षे तेच गिऱ्हाईक असते. जागेचा थाट यथातथाच.

एक गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही. अमेरिकेत दारू पिण्याचे किमान वय २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने ते न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद केली आणि १९८८ पर्यंत सगळी राज्ये वठणीवर आली. त्यामुळे पदवीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली बहुतेक पोरे त्या पबमध्ये कायद्याने बिअर पिऊच शकत नाहीत. तरीही तो पब कॉलेजचाच समजला जातो.

महाराष्ट्राचा कायदा काय सांगतो?

राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. म्हणजे दारू बंद नाही, पण पिणाऱ्याकडे परवाना हवा. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. आयुष्यभराचा हजार रुपयांना. (बारमध्ये बसल्यावर तो मागून घेणारा ग्राहक माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही.) वयाची अट दोन पायऱ्यांची आहे : सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ पूर्ण, बाकी सगळ्यासाठी २५ पूर्ण.

आता विद्यार्थ्याचा हिशेब मांडू. बारावी साधारण अठराव्या वर्षी, इंजिनीअरिंगची पदवी बाविसाव्या वर्षी. म्हणजे चार वर्षांतली पहिली तीन तो कशालाच पात्र नाही, शेवटच्या वर्षी फक्त सौम्य बिअर आणि वाइनला. व्हिस्कीचा पेला कायद्याने हातात येईपर्यंत त्याच्या नोकरीला तीन वर्षे झालेली असतात, नोकरी लागली असेल तर.

‘पब’ हा आपल्याकडे वेगळा परवानाही नाही. पुण्यातला चकचकीत पब आणि मनमाड रस्त्यावरची परमिट रूम कागदावर सख्खी भावंडे आहेत. दोन्ही ‘एफएल-३’ परवान्यावर चालतात. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. त्याआधी त्याला पबमध्ये मद्य मिळाल्याचे समोर आले आणि वयाच्या तपासणीचा प्रश्न राज्यभर गाजला. रस्त्यालगतच्या बारना त्याआधीही एक धक्का बसून गेला होता. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला आणि जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीपुरता सैल करण्यात आला. महामार्गाच्या कडेने वाढलेल्या वस्तीत हॉटेल काढणाऱ्याला या तारखा तोंडपाठ असतात.

मग अडचण फक्त कायद्याची आहे का?

तसे असते तर दारू वगळून, वडापाव आणि कोल्ड ड्रिंकवर चालणारा ‘कॉलेजचा अड्डा’ एव्हाना उभा राहिला असता. तोही नाही. कारण कॉलेजच्या संघाला प्रेक्षकच नाही.

आपण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली येतो. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे मिळून एक विद्यापीठ. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आधी आपल्या भागात, मग विभागांमध्ये होते. यजमान कुठले तरी एक कॉलेज, वार कामाचा, वेळ सकाळची. दोन-तीन दिवसांत सगळे आटोपते. मैदानाभोवती उभे असतात ते पुढच्या सामन्याचे खेळाडू आणि क्रीडाशिक्षक. ‘घरचे मैदान, बाहेरचे मैदान’ ही पद्धतच नाही, त्यामुळे ‘येत्या शनिवारी आपला सामना आहे’ हे वाक्य कोणाच्या तोंडी येत नाही. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आमचा व्हॉलीबॉलचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला होता. मला ते नोटीस बोर्डावरच्या फोटोवरून चौथ्या दिवशी कळले. त्या फोटोतला एक जण माझ्याच वर्गातला होता.

विद्यापीठांच्या पातळीवर परंपरा जुनी आहे. रोहिंटन बारिया चषकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा १९३५ पासूनची. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही होतात. पण तिथे खेळते ते विद्यापीठ. तीन जिल्ह्यांतल्या शेकडो कॉलेजांचा मिळून एक संघ; त्याच्या नावाने गळा काढून ओरडावे असे कोणाला वाटणार? नगर जिल्ह्याने भारताला झहीर खान दिला, अजिंक्य रहाणे दिला. एक श्रीरामपूरचा, दुसऱ्याचे मूळ गाव संगमनेर तालुक्यातले. दोघांचाही अभिमान जिल्ह्याला आहे, पण त्यांच्या कॉलेजचे नाव सांगा म्हटले तर टपरीवर शांतता पसरेल. झहीर तर इंजिनीअरिंगची वाट सोडून क्रिकेटसाठी मुंबईला गेला.

भूगोलही आडवा येतो. अहमदनगर कॉलेज १९४७ चे, ते शहरात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडले गेले आणि राज्यभर नवी कॉलेजे गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर गेली. आपल्याकडे विळद घाटात गेलो की हेच चित्र दिसते. पब म्हणा किंवा कट्टा, त्याला पायी पोहोचण्याइतके अंतर लागते. इथे कॉलेज एकीकडे, खोली दुसरीकडे, बाजारपेठ तिसरीकडे आणि मध्ये अवजड वाहतुकीचा रस्ता.

मराठी कॉलेजांना समर्थक नाहीतच का?

आहेत, आणि जबरदस्त आहेत. फक्त ते मैदानावर नसून नाट्यगृहात असतात.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात एकांकिका होतात आणि पडदा उघडण्याआधी ‘आव्वाज कुणाचा’ या आरोळीने वास्तू हादरते. कुणाचा याचे उत्तर म्हणून कॉलेजचे नाव येते. समोर विरोधी कॉलेजचे समर्थकही असतात. निकालानंतर रडारड, मिरवणूक, वर्षानुवर्षे जपलेले वैर, दहा वर्षांपूर्वी पास झालेल्यांची हजेरी, सगळे काही आहे. नगरमध्ये महाकरंडक स्पर्धेला हेच वातावरण असते.

का? कारण तिथे ठरलेली जागा आहे, ठरलेला हंगाम आहे आणि पाटीवर कॉलेजचे नाव आहे. क्लेमसनच्या पेट्रोल पंपाचा पब ज्या तीन गोष्टींनी केला, त्याच या. नाटक संपल्यावर चहाला कुठे जायचे हेही ठरलेले असते. फर्ग्युसन रस्त्यावरची ‘वैशाली’ किंवा डेक्कनवरचे ‘गुडलक’ ही ठिकाणे कित्येक पिढ्यांनी आपल्या कॉलेजचाच भाग मानली, ती अशीच.

खेळात असे पाहायचे तर कोल्हापूरला जावे लागेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी हे तिथल्या फुटबॉलचे संघ. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर. समर्थक तालमीचा किंवा मंडळाचा, पर्यायाने पेठेचा, कॉलेजचा नव्हे. वर्ल्ड कप आला की अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडेही पेठेपेठेत लागतात. सामना झाला की चर्चा तालमीच्या दारात. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

मोबाइल असताना एकत्र पडद्याची गरज काय?

२०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मोफत दाखवली आणि वसतिगृहांतल्या सामाईक टीव्हीचे दिवस भरले, असे वाटले होते. पण मोबाइलचा एक तांत्रिक दोष टपरीवर रोज अनुभवाला येतो. शेजारच्या परमिट रूममधून ‘आऊट!’ असा ओरडा येतो तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून रनअप घेत असतो.

डीटीएचचा सिग्नल सुमारे ३६ हजार किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे जाऊन परत येतो. अंतर प्रचंड, पण वेग प्रकाशाचा. या फेरीला पाव सेकंद पुरतो. ॲपवर मात्र चित्राचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात, ते सर्व्हरवर साठतात आणि नेट अडखळले तरी चित्र थांबू नये म्हणून मोबाइल त्यातले काही तुकडे आधी जमवून मगच दाखवायला लागतो. या जमवाजमवीमुळे ॲप डीटीएचच्या वीस-तीस सेकंद मागे राहू शकते. शिवाय प्रत्येक मोबाइलचा उशीर वेगळा. दहा जणांचे दहा मोबाइल असतील तर एकच षटकार दहा वेळा बसतो आणि एकदाही एकत्र ओरडता येत नाही. म्हणून तर टपरीवर नऊ जण आपले मोबाइल खिशात ठेवून एकात डोके घालतात.

मुलींनी सामना कुठे पाहायचा?

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा सुरू झाला. शेफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. शेवटचा झेल हरमनप्रीत कौरने घेतला तेव्हा जवळजवळ मध्यरात्र झाली होती.

मुलांनी तो टपरीवर पाहिला. मुलींच्या वसतिगृहांची दारे त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली असतात. परमिट रूमचा प्रश्नच येत नाही. काहींनी ‘फॅमिली रूम’ काढली आहे, पण तिथे टीव्ही असेलच असे नाही आणि चार मुलींनी जाऊन बसावे असे वातावरण तर नाहीच. टपरीवर नऊनंतर मुलगी दिसत नाही. त्या रात्री वर्ल्ड कप मुलींनी जिंकला आणि नागापुरात रस्त्यावर फटाके फोडायला उतरली ती सगळी पोरे होती. मीही त्यांत होतो. हे ध्यानात आले ते दुसऱ्या दिवशी फोटो निवडताना.

मग काय करता येईल?

पबचा नाद सोडला तर बरेच काही. वसतिगृहाच्या मेसमध्ये प्रोजेक्टर आणि डीटीएचची जोडणी यासाठी फार खर्च नाही. महत्त्वाच्या सामन्यापुरती दाराची वेळ वाढवायला तर खर्चच नाही. हॉटेल किंवा कॅफे चालवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की घरगुती अटीवर घेतलेले ॲपचे खाते धंद्यात वापरता येत नाही, व्यावसायिक जोडणी वेगळी घ्यावी लागते. बीसीसीआय २०१५ पासून निवडक शहरांत आयपीएलचे मोफत ‘फॅन पार्क’ भरवते. त्यासाठी शहरातून मागणी जावी लागते.

कॉलेजच्या संघाचे काम याहून अवघड आहे, कारण त्यासाठी वेळापत्रक बदलावे लागेल. शहर आणि परिसरातल्या कॉलेजांनी एकाच खेळाची साखळी स्पर्धा, समजा कबड्डीची, शनिवारी दुपारी वाडिया पार्कवर ठेवली आणि तारखा महिनाभर आधी लावल्या, तर प्रेक्षक येतात की नाही ते एका हंगामात कळेल. वाडिया पार्क भरत नाही, असे कोणी म्हणू नये. ६७ वी महाराष्ट्र केसरी तिथेच झाली. २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली तेव्हा बसायला जागा नव्हती. मी दोन तास उभा होतो.