मृत्युपत्र करायचंय? आधी सातबारा आणा

धुळ्याच्या कोर्टाजवळ माझं ऑफिस आहे. साक्री, शिंदखेड्याकडचे आप्पा-नाना येतात आणि खुर्चीत टेकायच्या आत सांगतात, "सगळं आंडोरना नावे करी द्या." आंडोर म्हणजे मुलगा. मी आधी सातबारा आणि फेरफार मागतो. जमीन वडिलोपार्जित असेल, तर मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मानेच हिस्सेदार झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पक्कं केलं. हे ऐकून काही जण उठून जातात. पुढे त्यांची मुलं येतात, दाव्याचे कागद घेऊन.

"नॉमिनी लावलाय ना, मग झालं," हे दुसरं ठरलेलं वाक्य. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2023 च्या निकालानुसार शेअर, म्युच्युअल फंडाचा नॉमिनी केवळ नॉमिनी म्हणून मालक ठरत नाही. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे, नाहीतर वारसा कायद्याप्रमाणे जाते.

कागदाचं काम त्या मानाने सोपं. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, असंच मी सांगतो. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ऐंशीचे आप्पा ऐंशीचेच मित्र आणतात! मग उद्या कोर्टात साक्ष द्यायला उभं कोण राहणार? आणि ज्याला मिळायचंय तोच मजकूर सांगू लागला, की त्याला मी बाहेर चहाला पाठवतो.

मन बदललं, तर नवं मृत्युपत्र करता येतं. त्यात जुनं रद्द केल्याचं स्पष्ट लिहायचं, तारखेसकट.