थ्री-नॉट-थ्रीचा धक्का

एन.सी.सी.त गेलेल्या कोणालाही पहिल्या फायरिंगबद्दल विचारा. गोळ्या कुठे लागल्या हे तो विसरला असेल, पण ‘बट खांद्याला घट्ट धर, नाही तर हाड मोडेल’ ही सीनियरने दिलेली ताकीद त्याला हमखास आठवेल. पुण्यात कॉलेजात असताना मीही ती ऐकली होती. दुसऱ्या दिवशी रेंजवर पालथा पडलो, श्वास कोंडला आणि घोडा ओढला. फट् असा आवाज झाला. खांद्याला जवळजवळ काहीच जाणवले नाही. तरीही पाचपैकी दोनच गोळ्या कागदावर होत्या!

रायफल दिसायला थेट ‘थ्री-नॉट-थ्री’च होती. पहिल्या महायुद्धापासून १९६२च्या चीन युद्धापर्यंत भारतीय जवान जिच्यावर लढले, ती ली-एनफील्ड. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून हे नाव. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. लष्कराने नव्या रायफली घेतल्यावर जुन्या पोलिसांकडे आणि एन.सी.सी.कडे आल्या. यांतल्याच काही रायफलींच्या नळीचा व्यास ०.२२ इंच करून सरावासाठी स्वस्त काडतूस वापरण्याची सोय केलेली असे. माझ्या हातात होती ती अशी.

आता थोडे गणित करू. .३०३ची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. म्हणजे संवेग ०.०११३ × ७४४ = ८.४ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. तेवढाच संवेग उलट्या दिशेने रायफलीला मिळतो. रायफल ४ किलोची धरली, तर ती २.१ मीटर प्रतिसेकंद वेगाने मागे येईल. गोळीपाठोपाठ तप्त वायूही बाहेर पडतात. त्यांचा वाटा धरला की हा वेग पावणेतीनच्या घरात जातो.

संवेग समान वाटला गेला, ऊर्जा मात्र नाही. गोळीची गतिज ऊर्जा ३१०० ज्यूलहून जास्त, रायफलीची जेमतेम १५. वर्गात ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान’ म्हटले की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, ‘मग गोळीने समोरचा मरतो, मागचा का नाही?’ उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पण १५ ज्यूलही थोडे नव्हेत. दीड किलोचे वजन मीटरभर उंचीवरून पडावे, तेवढे. खांदा ते पाच सेंटिमीटर सरकत झेलत असेल, तर सरासरी बल ३०० न्यूटन. बट आणि खांदा यांत फट राहिली, तर रायफल आधी पूर्ण वेग घेते आणि मग हाडावर आदळते. तोच धक्का एका सेंटिमीटरात थांबला, तर बल १५०० न्यूटन. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे का घेतो, तेच हे. सीनियर बरोबर सांगत होता, फक्त रायफल चुकीची होती. .२२ची गोळी अवघी २.६ ग्रॅमची, वेग सुमारे ३३०. त्याच ४ किलोच्या रायफलीला मागे वेग मिळतो सेकंदाला २१ सेंटिमीटर.

हे वर्गात दाखवता येईल. गोल पेन्सिलींवर एक फळी ठेवा. तिच्यावर दोन खिळ्यांना रबर लावून ते मागे ताणा आणि दोऱ्याने तिसऱ्या खिळ्याला बांधा. रबरात खोडरबर ठेवा आणि दोरा काडीने जाळा (समोर कोणी नको). फळीवर एक वीट ठेवून पुन्हा करा.

मग माझे नेम का चुकले? गोळी नळीबाहेर पडायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात .३०३सुद्धा मागे सरकते ती दोन-अडीच मिलिमीटर. आवाजाला किंवा धक्क्याला दचकायला माणसाला वीस-तीस मिलिसेकंद तरी हवेत. तोवर गोळी केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे धक्क्याने दचकून नेम चुकणे शक्यच नाही. तो चुकतो धक्क्याच्या अपेक्षेने, घोडा ओढण्याआधीच आवळलेल्या खांद्याने आणि मिटलेल्या डोळ्यांनी.

यात आवाजाचा हात मोठा. .३०३चा आवाज कानाशी १४० डेसिबलच्या वर जातो. एवढ्या आवाजाने आतल्या कानातील संवेदी पेशी मेल्या, तर त्या पुन्हा येत नाहीत. आम्ही कापसाचे बोळे घालत असू. त्याचा उपयोग फारच थोडा. मुलांना रेंजवर नेणाऱ्या शिक्षकांनी कानांसाठी नीट इअरमफ मागून घ्यावेत, त्यात संकोच नको. कान निर्धास्त असले की दचकणेही कमी होते.

आमच्या उस्तादांनी माझा रोग बरोबर ओळखला होता. पुढच्या वेळी काडतुसे त्यांनीच भरली, आणि मला न सांगता मध्येच एक नकली घातले. मी घोडा ओढला. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी नळीचे टोक चांगले दोन बोटे खाली गेले. मागे बसलेल्या सगळ्या कॅडेटनी ते पाहिले.