चौकटीच्या दोरीवर बसलेली गोगलगाय
(शेतातलं जीवशास्त्र : लेखांक सहावा)

२०२२ च्या जून-जुलैत लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं, आणि शंखी गोगलगायींनी रातोरात ओळीच्या ओळी फस्त केल्या. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. माणसं अंधारात बॅटऱ्या घेऊन शेतात उतरत, बादल्या भरभरून गोगलगायी वेचत आणि मिठाच्या पाण्यात टाकत. शेवटी सरकारला या नुकसानीपोटी मदत जाहीर करावी लागली.

त्या दिवसांत निलंग्याकडच्या कुठल्याही पारावर विचारलं असतं, तर कारणं तयार होती. कुणी म्हणालं असतं शेणखतातून आल्या, कुणी रोपवाटिकेच्या रोपांबरोबर, तर कुणी धुऱ्यावरच्या गवताकडे बोट दाखवलं असतं. यातलं काहीही खरं असू शकतं. पण ‘का वाढल्या’ हे शोधण्याआधी ‘किती आहेत’ हे सांगता आलं पाहिजे, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या जिवंत गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या, अशी नोंद आहे. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असते. एका खेपेला शेकड्याने अंडी घालते. कोरड्या दिवसांत ती शंखाचं तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून जमिनीत, दगडांच्या ढिगाखाली, धुऱ्याच्या सांदीत पडून राहते. म्हणजे तिच्या वाढीला आवर घालतो तो ओलाव्याचा अभाव. पहिला दमदार पाऊस तिला जागं करतो, आणि त्याच पावसाची वाट पाहून आपण पेरतो. ती उपाशी उठते तेव्हा शिवारभर एकाच पिकाचे कोवळे कोंब वर येत असतात. यात तिचा धूर्तपणा काही नाही; वेळापत्रक आपणच जुळवून दिलं आहे.

आता मोजणी. एकरभर शेतातली प्रत्येक गोगलगाय मोजणं अशक्य, म्हणून नमुना घ्यायचा. चार काड्या आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट करा. ती कुठे ठेवायची? जिथे गोगलगायी दिसतात तिथे ठेवलीत, तर आकडा फुगणार. दिवसा त्या धुऱ्यालगत लपतात आणि रात्री तिथूनच आत शिरतात, त्यामुळे कडेच्या ओळींत त्या जास्त आणि मधे कमी सापडतात. म्हणून शेताच्या लांबी-रुंदीची पावलं मोजायची, आकड्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि चिठ्ठी सांगेल तिथेच चौकट टाकायची. ती जागा ओसाड निघाली तरी तिथेच. वहीत शून्य लिहायला मुलांना फार जड जातं, असा माझा अनुभव आहे. पण तो शून्यही मोजणीचाच भाग आहे. वेळही ठरलेली हवी. भर दुपारी मोजलंत, तर शेतात गोगलगाय नाहीच असा निष्कर्ष निघेल.

यानंतरचा पेच बारीक आहे. एक गोगलगाय नेमकी दोरीवरच बसली आहे, अर्धी आत, अर्धी बाहेर. मोजायची की सोडायची?

हा पेच एका मराठी माणसाने देशपातळीवर सोडवला आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी झाला. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडन, आणि परतल्यावर १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज नमुन्यावरून कसा काढायचा यावर काम केलं. त्या काळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान-लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पादनाचा अंदाज जास्त येतो. कारण साधं होतं. कडेवरची ताटं आत की बाहेर अशी शंका आली, की कापणारा माणूस ती नकळत आत घेतो. एक मीटरच्या चौकटीत एका चौरस मीटरला चार मीटर कड येते. दहा मीटरच्या चौकटीत शंभर चौरस मीटरला फक्त चाळीस. चौकट लहान, तेवढा कडेच्या चुकीचा वाटा मोठा. या दोन थोर माणसांचा त्यावरचा वाद बराच गाजला.

पीक विम्याच्या वेळी महसूल मंडळात जे पीक कापणी प्रयोग होतात, तो याच विचाराचा पुढचा प्रवास आहे. तिथे प्लॉटची जागा ठरवायला आकड्यांचा तक्ता का वापरतात आणि दोरी ताणून का धरतात, हे आता लक्षात येईल. आपल्या चौकटीसाठी नियम असा: वरच्या आणि डाव्या दोरीवरची गोगलगाय मोजायची, खालच्या आणि उजव्या दोरीवरची सोडायची. हे मोजणीला बसण्याआधी ठरवायचं, गोगलगाय दिसल्यावर नाही.

दुसरी पद्धत मुलांना जास्त आवडते. शाळेच्या पडीक कोपऱ्यात (कुणाच्या सोयाबीनमध्ये नको, पकडलेल्या गोगलगायी परत सोडताना पाहिलं तर मालक काठी घेऊन येईल) एका संध्याकाळी समजा ६० गोगलगायी पकडल्या, शंखावर नखपॉलिशचा ठिपका दिला आणि सोडल्या. दोन दिवसांनी ८० पकडल्या, त्यांत १२ ठिपकेवाल्या निघाल्या. ८० मधल्या १२ म्हणजे पंधरा टक्के. आपल्या ६० जर एकूण संख्येच्या पंधरा टक्के असतील, तर एकूण ४०० झाल्या. पण हे गणित काही गोष्टी गृहीत धरतं: ठिपका पुसला गेला नाही, मधल्या काळात नव्या आल्या नाहीत, आणि ठिपकेवाल्या बाकीच्यांत नीट मिसळल्या. शेवटची अट गोगलगायीच्या चालीने पुरी होईल का, याचा वाद वर्गात जरूर घाला. आणि हातमोजे घाला. या गोगलगायींत माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक कृमी असू शकतो.

आता ‘शेणखतातून आल्या’ या म्हणण्याकडे वळू. ते तपासायचं, तर ते खोटं ठरण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. शेणखत टाकलेल्या शेतात जास्त आणि न टाकलेल्या शेतात कमी सापडल्या, एवढ्याने भागत नाही. शेणखत बहुधा विहिरीजवळच्या, पाण्याखालच्या रानात पडतं, आणि ओलावाही तिथेच असतो. मग जबाबदार कोण, शेणखत की पाणी? म्हणून एकाच शेताचे पट्टे पाडायचे आणि कुठल्या पट्ट्यात खत टाकायचं ते पुन्हा चिठ्ठीनेच ठरवायचं. ही युक्ती १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी रुजवली. बिनखताचे पट्टे वाया गेले असं वाटतं, पण तुलना त्यांच्याशीच होते.

तुलनेशिवाय उपाय केला की काय होतं, ते हवाईत घडलं. तिथेही हीच आफ्रिकन गोगलगाय माजली होती, म्हणून १९५५ मध्ये तिला खाणारी एक अमेरिकन शिकारी गोगलगाय आणून सोडली. ती आधी लहान बेटावर, कुंपणाआड, तिथल्या स्थानिक जातींसह पारखून घेतली असती तर कळलं असतं की तिला मोठ्या शंखापेक्षा झाडांवरच्या चिमुकल्या स्थानिक गोगलगायी जास्त सोयीच्या वाटतात. तिथल्या कित्येक जाती संपण्यात तिचा मोठा हात होता. आपल्याकडे भारद्वाज पक्षी ही मोठी गोगलगाय फोडून खातो. पण तो किती खातो आणि त्याने संख्येत फरक पडतो का, हेसुद्धा पट्टे पाडून आणि मोजूनच सांगता येईल.

या आठवड्याचं काम: पाऊस पडून गेल्यावर शेतात दहा चिठ्ठ्यांच्या जागी चौकट टाका. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, धुऱ्यापासूनचं अंतर आणि जमीन ओली की कोरडी ते लिहा. मग धुऱ्यापासूनचं अंतर आडव्या रेषेवर आणि संख्या उभ्या रेषेवर मांडून आलेख काढा. पुढच्या लेखांकात हेच आलेख समोर ठेवून सरासरीचा आकडा कुठे फसवतो ते पाहू.