वय आणि कोनाडा

‘जुने ते सोने’ ही म्हण जीवसृष्टीला लागू पडते काय? प्रत्येक जातीचा निसर्गात एक कोनाडा असतो. ती काय खाते, कोठे राहते, केव्हा बाहेर पडते, यावरून तो ठरतो. जे कुळ जुने त्याचा कोनाडा पक्का, असे सहज वाटते.

केरळातील सह्याद्रीत राहणाऱ्या जांभळ्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे जवळचे आप्त सेशेल्स बेटांवर आहेत. भारत व सेशेल्स एकाच भूखंडात होते, त्या काळाची ही खूण. प्रजननाचे थोडे दिवस सोडले तर हा बेडूक जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो. एवढ्या अरुंद कोनाड्यातही हे पुरातन कुळ टिकून आहे.

आता दुसरे टोक पाहू. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी आटले होते. ते पुन्हा भरल्यावर त्यात सिक्लिड माशांच्या सुमारे ५०० जाती निर्माण झाल्या. कोणी शेवाळ खरवडतो, कोणी गोगलगाई फोडतो. वयाने कोवळ्या, पण कोनाडे अरुंदच! १९५० च्या दशकात तेथे नाईल पर्च हा शिकारी मासा सोडण्यात आला. १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला आणि अनेक जाती नाहीशा झाल्या.

तात्पर्य, कोनाड्याची रुंदी केवळ वयावरून ठरत नाही आणि वय हे काही कवच नव्हे. जांभळ्या बेडकाची पिल्ले वाहत्या ओढ्यातील खडकांना चिकटून वाढतात. ओढा अडला, जंगल तुटले, तर कोट्यवधी वर्षांची वंशावळ त्याला वाचवू शकणार नाही. राखायचा असतो तो कोनाडा.