भारतातील गिधाडांचा ऱ्हास

भारतातील गिधाडांचा ऱ्हास म्हणजे १९९० च्या दशकापासून गिधाडांच्या संख्येत झालेली अत्यंत वेगवान घट होय. पाळीव जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाणे, हे या घटीचे मुख्य कारण ठरले. मानवाच्या एका साध्या व सद्हेतूने केलेल्या कृतीमुळे निसर्गातील एक दुवा कसा निखळतो आणि त्याचे परिणाम पुन्हा मानवाच्याच आरोग्यावर कसे होतात, याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

परिसंस्थेतील स्थान

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि बारीक चोचीचे गिधाड या तीन जातींना ऱ्हासाची सर्वाधिक झळ पोहोचली. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हे जगातील सर्वाधिक संख्येने आढळणाऱ्या मोठ्या शिकारी व मृतभक्षी पक्ष्यांपैकी एक समजले जाई.

भारतात पशुधन प्रचंड असून बहुसंख्य लोक गोमांस खात नाहीत. त्यामुळे मेलेले जनावर गावाबाहेर ठराविक जागी टाकण्याची पद्धत होती. कातडे सोलून नेल्यावर उरलेल्या मांसाचा निकाल गिधाडे लावीत. गिधाडांचा मोठा थवा एखाद्या बैलाचा सांगाडा तासाभराच्या आत स्वच्छ करू शकतो. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असल्याने सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. अशा प्रकारे कोणत्याही खर्चाविना गावोगावच्या स्वच्छतेचे काम चालत असे. गिधाड हा शब्द मराठीत लोभी माणसासाठी हिणवून वापरला जात असला, तरी रामकथेत सीतेसाठी प्राण वेचणारा जटायू हाही गृध्रकुळातीलच मानला जातो.

ऱ्हासाची नोंद

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या घरट्यांची नियमित मोजणी होत असे. १९८७-८८ मध्ये तेथे ३५३ घरटी नोंदवली गेली होती. १९९६-९७ पर्यंत ती निम्म्याहून कमी झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत उद्यानातील ही वसाहत संपुष्टात आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम शास्त्रीयदृष्ट्या मांडली. माना खाली टाकून दिवसेंदिवस सुस्त बसलेले आणि मग झाडावरून मरून पडणारे पक्षी इतरत्रही आढळू लागले.

देशभरातील पाहण्यांवरून १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक, तर इतर दोन जातींची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या तिन्ही जातींचा समावेश अतिसंकटग्रस्त गटात केला.

कारणाचा शोध

आरंभी विषाणुजन्य रोग, कीटकनाशके, अन्नाची टंचाई अशा अनेक शक्यता तपासण्यात आल्या. अखेर पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मृत गिधाडांच्या अभ्यासातून उलगडा झाला. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत पक्ष्यांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर साचलेले होते. हे मूत्रपिंड निकामी झाल्याचे लक्षण होय. अशा पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅकचे अंश सापडले.

डायक्लोफेनॅक हे माणसांसाठी अनेक वर्षे वापरात असलेले औषध आहे. १९९० च्या दशकात ते स्वस्त झाले आणि पशुवैद्यकातही सर्रास वापरले जाऊ लागले. ताप, लंगडणे, कासदाह अशा व्याधींवर त्याचा लवकर गुण येई. कामाचा बैल किंवा दुभती गाय आजारी पडल्यास शेतकऱ्याचे मोठे नुकसान होते. त्यामुळे या औषधाचा वापर वाढणे स्वाभाविक होते. मात्र औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मरण पावले, तर त्याच्या यकृतात, मूत्रपिंडांत व मांसात औषध शिल्लक राहते. गिधाडांच्या शरीरास अल्प मात्रेतील हे औषधही सोसत नाही.

एका मृत जनावरावर एकाच वेळी अनेक गिधाडे जेवतात. म्हणून एक दूषित जनावर अनेक पक्ष्यांच्या मृत्यूस कारण होऊ शकते. शास्त्रज्ञांच्या गणितानुसार शंभरांत एकाहून कमी मृत जनावरे दूषित असली, तरी एवढी घट घडून येण्यास ती पुरेशी होती. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतात तपासलेल्या मृत जनावरांच्या सुमारे १० टक्के नमुन्यांत हे औषध आढळले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. म्हणून झालेली हानी लवकर भरून येत नाही.

मानवी आरोग्यावरील परिणाम

गिधाडे नाहीशी झाल्यावर मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली. त्यांवर भटक्या कुत्र्यांची उपजीविका होऊ लागली. कुत्री मांस पूर्णपणे संपवत नाहीत, त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि ती रेबीजचा प्रसार करतात. २००८ मध्ये अनिल मार्कंड्या व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९२ ते २००६ या काळात कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढल्याचा आणि त्यामुळे रेबीजने सुमारे ४७ हजार अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला आहे.

इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी गिधाडे विपुल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे घटल्यानंतर पहिल्या गटातील मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना दिसले. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे ५ लाख अधिक मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. रेबीजच्या लशींच्या विक्रीत झालेली वाढ आणि पाण्याची खालावलेली गुणवत्ता ही कारणेही त्यांनी नोंदवली आहेत.

सामाजिक व सांस्कृतिक परिणाम

पारशी समाजात मृतदेह दखम्यात पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याची प्राचीन परंपरा आहे. मुंबईत मलबार हिलवरील डुंगरवाडी येथे गिधाडे येणे बंद झाल्याने ही परंपरा अडचणीत आली. तेथे सूर्यकिरण एकवटणारी आरशांची यंत्रणा बसवण्यात आली. समाजातील काही जण अग्निसंस्काराचा पर्याय स्वीकारू लागले, तर परंपरानिष्ठांचा त्यास विरोध राहिला. मृत जनावरांची साफ झालेली हाडे गोळा करून विकणाऱ्या गरीब कुटुंबांच्या उत्पन्नावरही परिणाम झाला.

उपाययोजना

भारत सरकारने २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकच्या निर्मितीवर बंदी घातली. त्याच सुमारास नेपाळ व पाकिस्ताननेही असेच निर्णय घेतले. पर्यायी औषध म्हणून मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे आढळले. तथापि, माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व राज्याचा वन विभाग यांनी गिधाड प्रजनन केंद्र सुरू केले. अशी केंद्रे नंतर इतर राज्यांतही उभी राहिली.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात लांब चोचीची गिधाडे मुख्यतः सह्याद्रीच्या कड्यांवर, तर पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. रायगड जिल्ह्यात काही ठिकाणी नारळाच्या झाडांवरही त्यांची घरटी आढळली आहेत. फणसाड अभयारण्य व गडचिरोली जिल्हा येथे गिधाडांना औषधमुक्त मृत जनावरे पुरवणारी खाद्यकेंद्रे चालवण्यात आली असून त्यांना 'गिधाड उपाहारगृह' असे म्हटले जाते. २०२४ मध्ये पिंजोर येथून आणलेली गिधाडे ताडोबा-अंधारी व पेंच व्याघ्र प्रकल्पांत सोडण्यात आली.

महत्त्व

बंदीनंतर घटीचा वेग मंदावला, परंतु संख्या पूर्वपदावर आलेली नाही. एखादे औषध ज्या प्राण्यासाठी बनवले जाते, त्याच्यापुरतेच तपासून चालत नाही. त्या प्राण्यावर जगणाऱ्या इतर जीवांचाही विचार करावा लागतो, हा या घटनेतील मुख्य धडा आहे. संवर्धनाचे यश केवळ कायद्यावर नव्हे, तर औषध विक्रेता, पशुवैद्यक आणि पशुपालक यांच्या रोजच्या निवडीवर अवलंबून आहे.